उकळल्यावरही उरतात ते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात पावसाळ्यातल्या आजारांवर एक चौकट आली होती. त्यात एक वाक्य असं : 'पाणी उकळले की त्यातील सर्व जंतू मरतात.' पाणी उकळून प्या हे सांगितलंत ते बरंच केलंत. आमच्या विहिरीला या दिवसांत गढूळ पाणी येतं, तेव्हा मीही घरात हेच बजावतो. कॉलरा, टायफॉइडचे जंतू उकळीत टिकत नाहीत. माझं भांडण फक्त 'सर्व' या शब्दाशी आहे. एका ग्रामीण महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मी २९ वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. उकळूनही न मरणारे मी डोळ्यांनी पाहिलेत.

चौकट मी घरात मोठ्यानं वाचली, तर बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची नात म्हणाली, "आबा, स्पोअर उरतात ना पण. ते हिरवे असतात ते." मी म्हटलं, हिरवे कसे? "पुस्तकात हिरवेच आहेत. प्रोजेक्टरवरही हिरवेच दाखवले." प्रॅक्टिकलच्या वहीत हिरव्या स्केचपेननं सुबक टिंबं काढलेली, बाजूला दहापैकी नऊ गुण. सूक्ष्मदर्शकाखालची काचेची स्लाइड मात्र पोरीनं एकदाही स्वतः केलेली नाही.

स्पोअर म्हणजे काही जंतू तगून राहायला स्वतःच्या आत बांधतात तो कोष. त्याला रंगच नसतो हो. न रंगवलेल्या स्लाइडवर तो काचेच्या मण्यासारखा चकाकतो, बस्स. कोरडा गाभा, त्यावर प्रथिनांचं चिवट कवच. साधा रंग आत शिरतच नाही. हिरवा रंग आपण त्याच्यात घुसवतो, आणि तो घुसवताना जी झटापट होते तिच्यातूनच हा जीव काय चीज आहे ते कळतं.

रीत शेफर आणि फुल्टन यांची, १९३३ सालची. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला जंतूंचा पातळ थर, हवेत वाळवायचा, ज्योतीवरून फिरवून काचेला पक्का करायचा, वर टीपकागदाचा तुकडा ठेवून मॅलॅकाइट ग्रीन सोडायचा आणि स्लाइड पाच मिनिटं वाफेवर. रंग सुकू द्यायचा नाही, ड्रॉपरनं थेंब-थेंब भरत राहायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. वाफ कुठे काढत बसा म्हणून स्लाइड सरळ स्पिरिटच्या दिव्यावर धरली. रंग तडतडला, काचेवर हिरवी खपली धरली आणि भिंगाखाली नुसते रंगाचे खडे. पुढच्या खेपेला तापल्या स्लाइडवर गार पाणी सोडलं. टचकन दोन तुकडे. मग कँटीनमधून एक जुना गंज, म्हणजे पातेलं, आणला, त्यात पाणी उकळत ठेवून वर जाळी टाकली. माझ्या निवृत्तीपर्यंत तोच गंज चालला. रंगाच्या बाबतीत मात्र सांभाळून. बोटं चार दिवस हिरवी राहतात, आणि तो पोटात जाण्याजोगा नाही. बाजारात भेंडी-मिरची हिरवीगार दिसावी म्हणून हाच रंग फासणारे महाभाग आहेत, बंदी असूनसुद्धा.

स्लाइड निवली की साध्या पाण्याखाली धरायची. इथं गंमत आहे. जंतूच्या बाकी अंगातून हिरवा रंग पाण्यानं निघून जातो. उष्णतेच्या जोरावर कवचाच्या आत गेलेला मात्र अडकून बसतो. वरून मिनिटभर लाल सॅफ्रानिन. तेलाचा थेंब टाकून १०० च्या भिंगाखाली पाहिलं की लाल काड्या, आणि प्रत्येकीच्या पोटात एक हिरवा दाणा.

दिसलाच पाहिजे असं नाही. एका वर्षी परीक्षेला रात्री लावलेलं ताजं कल्चर, म्हणजे मुद्दाम वाढवलेले जंतू, वाटलं गेलं. चाळीस स्लाइडी, सगळ्या लालभडक, हिरवं टिंब औषधालाही नाही, आणि बाहेरचे परीक्षक समोर बसलेले. जंतूला खायला आहे तोवर तो नुसता वाढतो. ताट रिकामं झालं की आतला कोष बांधायला घेतो. तेव्हापासून मी तीन-चार दिवसांचं शिळं कल्चर गुपचूप कपाटात ठेवत असे. प्रोजेक्टरवर हे कोण शिकवणार?

आता बैलाचं सांगतो. मी सातवीत असताना आमच्या गावात एक बैल सकाळी धडधाकट होता, दुपारी पडला. नाकातून काळपट रक्त, ते गोठेना. कातडं सोलायला माणसं आली, तसा माझा बाप आडवा झाला : "हात नका लावू त्याले, फाशी हाय." फाशी म्हणजे गुरांचा अँथ्रॅक्स रोग. गुरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं : चिरू नका, खोल खड्डा करा, चुना टाका. शंभर-दीडशे रुपयांचं कातडं मातीत गेलं म्हणून धन्याची बायको बापाला वर्षभर बोल लावत होती. फाशीचा जंतू जिवंत जनावरात स्पोअर करत नाही. रक्त सांडलं, हवा लागली की करतो, आणि मग त्या मातीत तो कित्येक वर्षं दबा धरून राहतो. हे रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये दाखवलं. तेही तेव्हा एका लहान गावातले डॉक्टरच होते. मला मात्र ते पटलं पंधरा वर्षांनी, दुसऱ्याच एका निरुपद्रवी जंतूचा हिरवा दाणा भिंगाखाली पाहिल्यावर. बापाला सांगायला गेलो, तर म्हणाला, "मंग, म्या काय सांगलं होतं?"

घरातलं उदाहरण हवं तर भात घ्या. तांदळातले काही स्पोअर शिजूनही उरतात. भात उघड्यावर रात्रभर राहिला की ते जागे होतात, आणि त्यांचं वांतीचं विष सकाळच्या फोडणीनं जात नाही. स्पोअर मारायचे तर १५ पौंड दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते, किमान १५ मिनिटं.

महाविद्यालयं म्हणतात सामान नाही, कल्चर विकत आणायला पैसे नाहीत. वाळल्या गवताचा काढा उकळूनही त्यात जीव उरतो हे जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी १८७६ मध्येच दाखवलं होतं. आपल्याकडे कडब्याला काय तोटा? मूठभर कडबा कातरून पंधरा मिनिटं उकळा, कापसाचा बोळा लावून ठेवा. दोन-तीन दिवसांत वर पांढरट साय धरते. ती साय म्हणजे फुकटचं कल्चर. आमच्या लॅबला चैत्रात इन्क्युबेटरही लागत नसे, खोलीच तापलेली.

तेव्हा चौकटीची दुरुस्ती छापाल तर 'सर्व'च्या जागी 'पाण्यातून आजार पसरवणारे बहुतेक' एवढं करा, पुरे आहे. नातीच्या सरांनी गुरुवारी लॅब उघडून द्यायचं कबूल केलंय. कडब्याचा गंज सध्या आमच्या ओसरीवर आहे, साय धरायला लागलीय. वास सुटल्यापासून नातीची आजी त्याच्याकडे रागानं बघते आहे. गुरुवारपर्यंत टिकला म्हणजे मिळवली.

— एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ