लाकडी बैल, भुलाबाई आणि ‘पोरींचे’ गेम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घर मांडायचं, वावर पेरायचं, कोंबड्या पाळायच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी ओळख वाढवायची, अशा व्हिडिओ गेमबद्दल आपल्याकडे एकच शेरा ठरलेला आहे: हे पोरींचे खेळ. फार तर बारक्या लेकरांचे, नाहीतर शहरात फ्लॅटमध्ये बसून कंटाळलेल्यांचे. पोट्ट्यांनी बंदुकीचा किंवा गाड्यांचा गेम खेळावा, आणि ज्याच्या घरी खरं वावर आहे त्याने मोबाइलमधल्या वावरात कशाला जीव घालावा, असं सरळ बोललं जातं. हा शेरा चुकीचा आहे. त्याच्यापायी एखाद्या पोट्ट्याला आवडता खेळ लपूनछपून खेळावा लागतो, आणि एखाद्या बाईच्या हाती तो कधी येतच नाही. म्हणून हे पत्र.

विदर्भाला असे खेळ नवे नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, तान्हा पोळा भरतो. पोट्टे चाकं लावलेला लाकडी बैल सजवतात, दोरीने ओढत दारोदार नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेतात. तो बैल औताला जुंपता येत नाही हे पाच वर्षांच्या लेकरालाही कळतं, तरी त्या दिवशी ते बैलाचं मालक असतं. पुढे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाई मांडतात. गाण्यांतून सासर, माहेर, रुसवे-फुगवे सगळं होऊन जातं आणि शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायची. म्हणजे पोट्ट्यांनी शेती खेळायची, पोरींनी संसार. शेती आणि संसार एकाच पडद्यावर आणणारा गेम आला, तेव्हा आपण त्यातला संसार तेवढा पाहिला आणि गेमवर पोरींचा शिक्का मारून मोकळे झालो.

तो शिक्का गेम बनवणाऱ्यांच्या घरातही मारला गेला होता. या प्रकारातला सगळ्यात गाजलेला ‘द सिम्स’ फेब्रुवारी २००० मध्ये आला. तो विल राइट यांच्या डोक्यातून निघाला. १९९१ साली कॅलिफोर्नियात ओकलंडला लागलेल्या आगीत त्यांचं घर जळालं, आणि नव्याने घर उभारताना माणसाला कोणती वस्तू कशासाठी लागते, हा विचार सुरू झाला. कंपनीतल्या मंडळींना ते बाहुलीघर वाटलं, मुलगे असलं काही खेळणार नाहीत अशी धास्ती होती. २००२ मध्ये तोच तोवरचा सर्वाधिक खपलेला कॉम्प्युटर गेम ठरला. जपानचे यासुहिरो वाडा क्यूशूच्या खेड्यात वाढून टोकियोला गेले आणि गावाच्या आठवणीतून १९९६ साली ‘हार्वेस्ट मून’ केला. कात्सुया एगुची नोकरीसाठी चिबा सोडून क्योटोला आले, घरची माणसं दूर राहिली. त्यातून २००१ चा ‘ॲनिमल क्रॉसिंग’ आला. ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) तर एरिक बरोन यांनी साडेचार वर्षं एकट्याने बसून केला, चित्रं आणि संगीतासकट. हे चौघेही पुरुष. गाव सोडून पुण्याला कंपनीत लागलेल्या आपल्याकडच्या पोरांना वाडा आणि एगुचींच्या मनातली ओढ वेगळी सांगावी लागणार नाही.

आता ‘स्टारड्यू’ आतून कसा आहे ते पाहा, कारण शेरा मारणाऱ्यांनी त्यातला पाचशे नाण्यांचा हिशेब कधी मांडलेला नसतो. सुरुवातीला हातात ५०० नाणी असतात. (सोबत १५ बिया फुकट मिळतात, त्या हिशेबात धरत नाही.) हंगाम २८ दिवसांचा. वसंतात पार्सनिप म्हणजे पांढऱ्या गाजरासारखं एक कंद लावता येतं: बी २० ला, ४ दिवसांत तयार, विक्री ३५. फुलकोबीचं बी ८० ला, १२ दिवस लागतात, विक्री १७५. एका झाडामागे कोबीत ९५ सुटतात आणि पार्सनिपमध्ये फक्त १५, म्हणून नवा खेळणारा कोबीवर उडी मारतो. ५०० मध्ये कोबीची ६ रोपं बसतात आणि बाराव्या दिवसानंतर हाती १,०७० येतात. तेच ५०० पार्सनिपमध्ये घातले तर २५ रोपं. चार दिवसांनी ८७५. त्यातून ४३ रोपं आणि उरले १५. पुढच्या चार दिवसांनी १,५२०. त्यातून ७६ रोपं. आणखी चार दिवसांनी २,६६०. तेच बारा दिवस, अडीचपट पैसा. भांडवल कमी असताना पैसा किती वेळा फिरतो ते बघायचं. झाडामागचा नफा मागाहून.

पण हे गणित अंगमेहनतीवर येऊन अडतं. खेळणाऱ्याची ताकद दिवसाला २७०. वावरातलं एक घर (म्हणजे एक चौकोन) खणायला २, एका झाडाला पाणी द्यायला २. ७६ झाडांचं पाणीच १५२ खातं, शिवाय झारीत ४० झाडांपुरतंच पाणी मावतं, मधे पुन्हा भरून आणावी लागते. पीक १५-१६ झाडांच्या वर गेलं की कावळे पडतात. बुजगावणं करायला ५० लाकूड, १ कोळसा आणि २० तंतू लागतात, ते चौफेर ८ घरांपर्यंत राखण करतं. हाती पैसा आला आणि हात अपुरे पडू लागले की मग कोबी परवडते, कारण बारा दिवसांच्या तेवढ्याच पाण्यात ती झाडामागे ९५ देते, तीनदा लावलेलं पार्सनिप ४५. पैसा कमी असताना एक पीक, माणूसबळ कमी असताना दुसरं. सोयाबीन आणि पऱ्हाटीत निवड करणाऱ्या कोणालाही हे उमगेल.

यात एक खाच आहे. वसंताच्या १३ तारखेला गावात अंड्यांचा उत्सव असतो आणि स्ट्रॉबेरीचं बी तेवढ्या एका दिवशी मिळतं, १०० ला एक. आठ दिवसांत पहिला तोडा, मग दर चार दिवसांनी. त्याच दिवशी लावलं तर २१ आणि २५ तारखेला मिळून १२० प्रमाणे २४० येतात. वरच्या हिशेबाने चालणाऱ्याचं तिसरं पीक नेमकं १३ लाच निघतं. दुकान उत्सवामुळे बंद. विक्रीच्या पेटीत माल टाकला तर पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि खिशात? १,५२० भागिले २० म्हणजे बरोबर ७६, शिल्लक शून्य. मृगाच्या तोंडावर बियाणं घ्यायची वेळ यावी आणि तुरीचा चुकारा अडकलेला असावा, तशी गत. जाणता खेळणारा ९ तारखेला ५० बियांवर थांबतो आणि ५२० बाजूला ठेवतो. अशी जोडणी ज्या घरात चालते तिथे ती बहुतेक वेळा बाईच करते, डब्यात पैसे बाजूला टाकून. ‘पोरींचा खेळ’ म्हणणाऱ्यांनी त्यातलं हे कसब पोरींच्या नावावर मांडलेलं मी तरी वाचलेलं नाही.

हंगाम बदलला की उभं पीक वाळतं. कोबी १६ तारखेपर्यंत लावली तर २८ ला निघते, १७ ला लावली की बी फुकट. पाणी एक दिवस चुकलं तर मात्र झाड मरत नाही, फक्त त्या दिवशी वाढत नाही.

‘सिम्स’मध्येही चुका होतात त्या घर बांधणाऱ्याच्या. चौथ्या आवृत्तीत एकट्या माणसाला २०,००० मिळतात. भूक, झोप, लघवी, अंघोळ, करमणूक आणि माणसांची सोबत अशा सहा गरजा सतत खाली येत राहतात. नवखा सगळा पैसा भिंती-फरशीत घालतो आणि मग सगळ्यात स्वस्त पलंग घेतो. त्यावर थकवा हळू उतरतो, माणूस उशिरा उठतो, कामावर पेंगत जातो. घरकुलाचे पैसे पायव्यात आणि स्लॅबमध्येच संपलेले ज्यांनी पाहिले त्यांना हे पटेल. ओट्यापुढे किंवा शेगडीपुढे एक घर मोकळं सोडलं नाही तर तो माणूस तिथे पोचतच नाही, हात वर करून ओरडतो. स्वयंपाक येत नसताना स्वस्त शेगडीवर रांधायला लावलं तर आग लागू शकते, म्हणून आधी न शिजवता होणारी कोशिंबीर करायला लावायची. बिल थकलं तर वीज-पाणी तुटतं. यात बाईचं किंवा पुरुषाचं असं काय आहे? घर चालवणं आहे.

‘फार्मिंग सिम्युलेटर’ची गोष्ट याच्या उलट. स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरचा हा गेम २००८ पासून निघतो आहे आणि तो बिनदिक्कत पुरुषांचा समजला जातो, कारण त्यात ट्रॅक्टर आहेत. झारीने पाणी घातलं की पोरींचा, ट्रॅक्टर चालवला की पोट्ट्यांचा. २०१८ च्या आवृत्तीत त्यात कापूस आला, तो मोठ्या यंत्राने वेचायचा. २०२४ च्या आवृत्तीत धान आणि म्हशी आल्या. बांधीत पाणी भरून यंत्राने रोप लावायचं. अमरावती-यवतमाळकडे कापूस वेचतं कोण? भंडारा-गोंदियाकडे वाकून रोवणी करतं कोण? निंदण कोणाच्या हातचं? या कामांचा गेम पुरुषांचा ठरतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आवड कोणाची किती, याचा एक आकडा आहे तो लपवत नाही. क्वांटिक फाउंड्री या अमेरिकी संस्थेने २०१७ साली आपल्या ऑनलाइन पाहणीतले आकडे मांडले. अडीच लाखांहून जास्त खेळणाऱ्यांनी आपणहून उत्तरं दिली होती. घर आणि शेतीचे गेम आवडणाऱ्यांत बाया ६९ टक्के होत्या. म्हणजे बाया जास्त आहेत हे खरं, आणि शंभरात एकतीस जण बाया नाहीत हेही खरं. शिवाय ही उत्तरं आधीच गेम खेळणाऱ्यांची. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे तो कोणाच्या खिशात असतो, हे त्या आकड्यात येत नाही. मराठीचंही तेच. ‘स्टारड्यू’ किंवा ‘सिम्स’ मराठीत नाहीत, हिंदीतही नाहीत. पन्नाशीतल्या माणसाला हा खेळ आवडत नाही असं ठरवण्याआधी बियांच्या पुड्यावरचं त्याला वाचता येतं का ते विचारावं. (‘सिम्स’मधली माणसं सिमलिश नावाची बनवलेली भाषा बोलतात, तिचा अर्थ चित्रांवरून लागतो, तेवढं सोपं. बटणं मात्र इंग्रजीच.)

घरात कोणाला सुरुवात करून द्यायची असेल तर काही गोष्टी सांभाळाव्या. ‘स्टारड्यू’ एकदाच विकत घ्यावा लागतो, मोबाइलवरही, आणि एकट्याने खेळायला नेट लागत नाही. रेंज नसलेल्या गावात ही मोठी सोय. कॉम्प्युटरवर मात्र खेळातला माणूस रात्री झोपल्यावरच तो जतन होतो. खेळातला एक दिवस सुमारे १४ मिनिटांचा. दुपारी कोबी काढून ठेवली आणि लाइन गेली, तर सकाळपासूनचं सगळं गेलं. इन्व्हर्टर नसेल तर लॅपटॉपवरच खेळावं. रात्री २ च्या आत अंथरुणावर गेलं नाही तर माणूस जागीच कोसळतो आणि काही पैसे कापले जातात.

भाऊ-बहिणीला एकाच कॉम्प्युटरवर पडदा दुभागून खेळता येतं, डिसेंबर २०२० पासून. एकाने कीबोर्ड घ्यावा, दुसऱ्याने कंट्रोलर. पैसे एकत्र ठेवायचे की वेगळे हे ठरवता येतं. एकत्र ठेवले तर कोण कशावर उडवतो यावरून भांडण ठरलेलं. सगळे झोपल्याशिवाय दिवस उलटत नाही, म्हणून एकाने मासे धरत बसून चालत नाही.

फुकट मिळणाऱ्या शेतीच्या गेमपासून मात्र जपून राहावं. ‘फार्मव्हिल’ने २००९ मध्ये फेसबुकवर जी रीत पाडली तीच त्यांत असते: पीक ठराविक तासांत काढलं नाही तर वाळतं, थांबायचं नसेल तर पैसे भरा, नाहीतर ओळखीच्यांना विनंत्या पाठवा. ‘फार्मव्हिल’ ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला, रीत बंद झाली नाही. शेतीचे गेम म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, हा समज बराचसा तिथूनच आला असं मला वाटतं.

या गेममधून शेती शिकता येते असा दावा नाही. ‘स्टारड्यू’मध्ये बोंडअळी नाही, कर्जाचं व्याज नाही, आणि कोबीचा भाव वर्षभर १७५ च राहतो. दिवसभर खऱ्या वावरात राबलेल्या माणसाला रात्री अर्धा तास असं वावर पाहावंसं वाटलं, तर त्यात नवल काय? बियाण्याला पैसे घातले आणि सांगितल्या दिवशी पीक हाती आलं, हे बघायला त्याच्याइतकं आसुसलेलं दुसरं कोण असेल?

आपल्या पुरवणीत गेमची ओळख छापता, तेव्हा तो ‘मुलींसाठी’ की ‘मुलांसाठी’ हे लिहू नये, ही विनंती. त्या जागेत चार गोष्टी द्याव्या: भाषा कोणती, नेट लागतं का, खेळता खेळता आत पैसे मागतो का, आणि लाइन गेली तर किती वाया जातं.

आपला,
एक वाचक
ता. दर्यापूर, जि. अमरावती