पालकांना न विचारता शाळांचे समायोजन

मा. संपादक,

महोदय,

आमच्या महापालिकेने कमी पटसंख्येचे कारण देऊन काही प्राथमिक शाळा शेजारच्या शाळांत समायोजित करण्याचे ठरवले आहे आणि त्याविरुद्ध आम्ही पालक गेले दोन महिने शिक्षण विभागात खेटे घालत आहोत. आमचा विरोध भावनिक असल्याचे तेथे सांगितले जाते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पट घसरला हे खरे आहे. तो का घसरला, याची चौकशी मात्र कोणी केली नाही. माझ्या मुलीच्या शाळेत निवृत्त झालेल्या शिक्षकांच्या जागा भरल्याच गेल्या नाहीत. सात इयत्तांना चार शिक्षक उरले, तिसरी आणि चौथीची मुले एकाच खोलीत बसू लागली आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला जवळजवळ वर्षभर पाणी नव्हते. ज्यांना जमले त्यांनी कर्ज काढून मुले खासगी शाळेत घातली, ज्यांना जमले नाही त्यांची मुले राहिली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ प्रमाणे शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त राहणार नाहीत, हे पाहण्याची जबाबदारी नेमणूक करणाऱ्या प्राधिकरणाची, म्हणजे येथे महापालिकेची आहे. ती पाळली गेली असती तर आज पटसंख्येचा प्रश्न कदाचित उभाच राहिला नसता.

नवी शाळा १ किलोमीटरच्या आत असल्याने नियमभंग होत नाही, असे आम्हाला ऐकवण्यात आले. नकाशावर ते अंतर बसतही असेल, परंतु मधल्या सहापदरी रस्त्यावरून पहिलीतले मूल एकटे कसे जाणार आणि सकाळी सहालाच कामावर निघणाऱ्या आईने त्याला कोणाबरोबर पाठवायचे, याचे उत्तर मिळालेले नाही.

माझी खरी हरकत निर्णयाच्या पद्धतीला आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या या कायद्याने प्रत्येक सरकारी आणि महापालिका शाळेत व्यवस्थापन समिती बंधनकारक केली असून तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाचा विनियोग तपासणे ही कामे कायद्यानेच तिच्याकडे दिली आहेत. मी अशा समितीची सदस्य आहे. समायोजनाचा विषय आमच्या एकाही बैठकीत आला नाही. आदेश निघाल्यानंतर इतिवृत्ताचे तयार पान आमच्यापुढे सह्यांसाठी ठेवण्यात आले. आम्ही पाच जणींनी सही केली नाही.

पालकांना वगळल्याने काय होते, याचा अनुभव राज्याने नुकताच घेतला आहे. २०२४ मध्ये शालेय गणवेशाची खरेदी समित्यांकडून काढून राज्यस्तरावर नेण्यात आली. त्यानंतर गणवेश उशिरा आले, अनेक ठिकाणी मापाचे नव्हते, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये शासनाला हे काम पुन्हा समित्यांकडे सोपवावे लागले. मुलाच्या खांद्याचे माप ज्यांना ठाऊक असते, त्यांना त्याच्या शाळेच्या वाटेवरचे धोकेही ठाऊक असतात.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड होता. आज पालक मुलांना घेऊन शाळेच्या फाटकाशी उभे आहेत आणि फाटक बंद करण्याची घाई प्रशासनाला झाली आहे. मार्च २०२२ पासून मुंबईसह अनेक महापालिका दीर्घकाळ प्रशासकांकडून चालवल्या गेल्या. त्या काळात तक्रार घेऊन जायला आपल्या प्रभागाचा नगरसेवकही नव्हता. त्यामुळे या समित्यांचे महत्त्व उलट वाढले होते.

समायोजनाचा आदेश स्थगित करावा, प्रत्येक शाळेतील मंजूर आणि रिक्त पदांची माहिती शाळेच्या फलकावर लावावी आणि आयुक्तांनी संबंधित समित्यांची बैठक त्या त्या शाळेतच घ्यावी, एवढी आमची मागणी आहे. बैठक कामाच्या दिवशी ठेवली तरी आम्ही त्या दिवसाची मजुरी सोडून हजर राहू.

आपली,
महापालिका शाळेतील एक पालक