चावी कुणी दिली?

संपादक महोदय,

गेल्या रविवारी इंदूरच्या आमच्या राजेंद्रनगरातल्या रहिवाशांच्या बैठकीत एक निवेदन फिरलं. अठरा वर्षांखालच्या मुलांना रात्री दहानंतर एकटं बाहेर पडायला पोलीस आयुक्तांनी बंदी घालावी, अशी मागणी. बऱ्याच सह्या झाल्या. मी केली नाही. कारण तिथं नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

माझा मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत आहे. भंवरकुआं भागातली त्याची कोचिंग सुटायला साडेनऊ होतात, टेस्ट असली की दहा. मी घरी पोळी-भाजीचे डबे करते. रात्रीचे पंचवीस डबे गेले की त्याला आणायला जाण्याचं त्राण उरत नाही. दिवाळीनंतर त्यानं गाडी मागितली आणि फ्रिजवरची चावी मीच काढून दिली. सोबत हेल्मेट दिलं, तेवढ्यावर मनाची समजूत घातली. तीन महिने असे गेले.

मग एका रात्री फोन आला. हाताला कणीक तशीच, मी रिक्षानं पोचले. पोरगा डिव्हायडरपाशी हेल्मेट पोटाशी धरून उभा होता. मान वर करेना. हवालदार ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मैडम, इसको बाद में देखेंगे. चाबी किसने दी?" त्यांनी ताकीद देऊन सोडलं, पण तो प्रश्न अजून माझ्या मनातून जात नाही.

नंतर कायदा वाचला. मोटार वाहन कायद्यात 2019 साली 199 अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. आणि आपल्याला माहीत नव्हतं, हे सिद्ध करायचं ते पालकानंच. मला तर सगळं माहीत होतं. पुण्यात 19 मे 2024 ला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीच्या धडकेत जी दोघं गेली, ती आपल्या मध्य प्रदेशातली होती. त्यांच्या आयांचा विचार आला की पोटात गोळा येतो.

म्हणजे चावी देणाऱ्यासाठी कायदा आहेच. संचारबंदी लागली तर सापडणार कोण? कोचिंगहून पायी येणारी मुलगी, नाही तर सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत भांडी घासून घरी निघालेला पोर. बापाच्या गाडीत काचा चढवून फिरणारा सापडणं कठीण. शिवाय या शहराची रात्र मुलांना परकी नाही. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, बघत मी बाबांच्या खांद्यावर झोपले आहे. तिथं भीती नव्हती, कारण खाली बाबा होते.

माझे दीर अमेरिकेत, टेक्सासमधल्या डलासला राहतात. तिथं सतरा वर्षांखालच्या मुलांना रविवार ते गुरुवार रात्री अकरानंतर बाहेर फिरायला बंदी होती. 2023 मध्ये टेक्सास राज्यानं कायदा करून शहरांचे असे नियमच बंद केले. उलट आइसलँडमध्ये नियम अजून आहे. थंडीत बारापर्यंतच्या मुलांनी आठनंतर, तेरा ते सोळाच्या मुलांनी दहानंतर मोठ्यांशिवाय बाहेर राहायचं नाही. पण तिथले आईबाप संध्याकाळी गटागटानं स्वतः रस्त्यावर फेरी मारतात. मला त्यातली ही फेरी पटली. नियम कागदावर राहील, पण ओळखीच्या काकू समोरून आल्या की कुठलंही पोरगं गाडीवरून उतरतं.

माझा मुलगा आता सिटी बसनं येतो. बस चुकली तर मी जाते, त्या दिवशी डबे पाच कमी घेते. त्यानं त्रागा केला, दोन आठवडे नीट बोलला नाही. ते मी सोसलं, कारण चूक माझी होती आणि तसं मी त्याला सांगितलंही.

येत्या शनिवारी रात्री साडेनऊला आम्ही चार घरच्या आया बगिच्याच्या फाटकापाशी जमतो आहोत. मेन रोडपर्यंत जाऊन परत, तासाभराची फेरी. वडीलमंडळी आली तर फार बरं. ज्यांनी निवेदनावर सह्या केल्या त्यांनी तर यावंच, आणि येताना घरातल्या गाडीची चावी कुठं असते तेही बघून यावं.

एक आई,
राजेंद्रनगर, इंदूर