खुर्ची रिकामी करून देणाऱ्या ग्रंथपाल बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी आपल्या संदर्भ विभागातून निघताना मी केवळ "बरं, येतो" इतकेच म्हणू शकलो. त्याहून अधिक बोलायला गेलो असतो तर आवाज फुटला असता, म्हणून आता लिहितो आहे. पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण इतकेच की, जुन्या नोंदींतून आपल्या पूर्वजांचा माग काढण्यासाठी कोणत्या संकेतस्थळाची वर्गणी भरावी, या प्रश्नापाशी अडलेले माझ्यासारखे पुष्कळ जण असणार, आणि आपण मला जे दाखवलेत ते त्यांच्याही उपयोगी पडावे.

माझ्यापाशी आजीची एक वही होती आणि तिच्यात पणजोबांच्या धाकट्या भावाविषयी दोन ओळी होत्या: एक त्यांची जन्मतारीख, आणि दुसरी "बोटीवर गेला, विलायतेत राहिला." एवढ्या भांडवलावर मी एका सेवेची वर्षभराची वर्गणी भरून बसलो होतो. खरे सांगायचे तर भरली असे म्हणणेही बरोबर नाही. मोफत चाचणीची मुदत कधी संपली ते मला कळले नाही आणि खात्यातून वर्षाची रक्कम परस्पर वळती झाली. ती सेवा निवडण्यामागे विचार असा काही नव्हताच. जाहिरातीत अब्जावधी नोंदींचा आकडा होता, आणि इतक्यांत आपला एक माणूस सापडणार नाही का, असे मला वाटले होते.

पुढचे कित्येक महिने मी त्या अब्जांमध्ये इंग्लंडची १९३१ ची जनगणना शोधत होतो. मदतकक्षाला तीनदा लिहिले. पहिल्यांदा नावाचे स्पेलिंग बदलून पाहण्याचा सल्ला आला, दुसऱ्यांदा शोधाची कक्षा वाढवण्याचा, आणि तिसऱ्यांदा वरच्या श्रेणीची वर्गणी घेतल्यास अधिक नोंदी दिसतील असे कळवण्यात आले. (मधल्या काळात त्याच सेवेने सुचवलेला एक "संभाव्य पूर्वज" मी आनंदाने वंशवृक्षाला जोडूनही टाकला होता, तो वयाच्या नवव्या वर्षी बाप झाला होता, हे आपणच मला हळूच दाखवलेत.)

आपण मात्र वही पाहिलीत, १९३१ हा आकडा ऐकलात आणि शांतपणे म्हणालात, "ती जनगणना डिसेंबर १९४२ मध्ये आगीत जळून गेली. आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही." मी वर्षभराचे पैसे मोजूनही जे वाक्य मला कोणी ऐकवले नव्हते, ते आपण चष्मा पुसता पुसता सांगितलेत. मग म्हणालात की १९२१ आणि १९५१ यांच्या मधली ही पोकळी भरून काढणारा एकच मोठा दस्तऐवज आहे, आणि तो म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर, २९ सप्टेंबर १९३९ रोजी, ओळखपत्रे देण्यासाठी घरोघरी केलेली नोंदवही.

वर्गणीचा विषय मीच काढला. त्यावर आपण कोणत्याही कंपनीची बाजू घेतली नाहीत. "आधी कोणता कागद हवा ते ठरवा, मग तो कोणाकडे आहे ते पाहा," एवढेच म्हणालात, आणि प्रत्येक सेवेच्या संग्रहांची यादी पैसे न भरताही वाचता येते हे मला प्रत्यक्ष उघडून दाखवलेत. तोवर मी शोधाच्या चौकटीपलीकडे कधी गेलोच नव्हतो. यादीत नेमकी वर्षे कोणती आहेत, आणि मूळ पानाचे चित्र मिळते की त्यावरून उतरवलेली नुसती नावांची सूची, या दोनच गोष्टींवर निम्मा निर्णय होतो. अमेरिकेतल्या शोधाला अॅन्सेस्ट्री, ब्रिटन आणि आयर्लंडसाठी फाइंडमायपास्ट, युरोप खंडात पांगलेल्या नातेवाइकांसाठी मायहेरिटेज, हा आपला ढोबळ हिशेब होता. पण त्याआधी फॅमिलीसर्च पाहून घ्या, असा आग्रह होता. १९३८ पासून मायक्रोफिल्मवर, म्हणजे कागदांची बारीक छायाचित्रे साठवणाऱ्या फिल्मवर, घेतलेली जुन्या नोंदींची सुमारे २४ लाख रिळे डिजिटल करण्याचे त्यांचे काम २०२१ मध्ये पुरे झाले, आणि तिथे केवळ खाते उघडावे लागते, वर्गणी नाही, हे मला त्या दिवशी प्रथम समजले.

तरीही हे पत्र त्या माहितीसाठी नाही.

वाचनालयाने वर्गणी भरलेल्या अशाच एका सेवेच्या आवृत्तीवर आपण १९३९ ची नोंदवही उघडलीत. नावाने काहीच सापडेना, तेव्हा नावाचा रकाना रिकामा ठेवून आपण आजीच्या वहीतली जन्मतारीख आणि एका बंदराचे नाव घातलेत. यादी आली. आपण ती सावकाश खाली सरकवत होतात आणि एका जागी आपला हात थांबला. आपल्याला सापडले होते, हे मला बाजूला बसून कळले. आपण त्या ओळीवर बोट ठेवले नाहीत, वाचूनही दाखवले नाहीत. खुर्ची मागे सारून उठलात, मला तिथे बसायला सांगितलेत, "तुम्ही वाचा, माणूस तुमचं आहे," असे म्हणालात आणि पुस्तके लावण्याच्या निमित्ताने पलीकडच्या कपाटापाशी गेलात. तिथली पुस्तके आधीच नीट लावलेली होती, हे मी पाहिले.

आडनावाचे पहिले अक्षर सूची करणाऱ्याने चुकीचे वाचले होते. मूळ पानावर ते शाईत स्वच्छ दिसत होते. पुढे जन्मतारीख, "अविवाहित", आणि व्यवसाय: बोटीवरचा आगवाला, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. वरच्या आणि खालच्या ओळींत त्याच घरात उतरलेले आणखी चार खलाशी होते. म्हणजे तो एकटा राहत नव्हता, हे मला ती ओळ तिसऱ्यांदा वाचताना सुचले, आणि मग बराच वेळ पुढचे काही दिसेना. आपण तेवढा वेळ कपाटापाशीच राहिलात. हुशार माणसे पुष्कळ भेटतात, पण स्वतः शोधून काढलेली गोष्ट दुसऱ्याला पहिल्यांदा पाहू देणारी माणसे मला फार भेटलेली नाहीत.

आपल्या सांगण्याप्रमाणे बोटींवरच्या प्रवाशांच्या याद्यांसाठी मी एकाच महिन्याची वर्गणी घेतली आणि ती आपोआप पुढे चालू राहण्याची सोय त्याच संध्याकाळी बंद केली. मुदत संपल्यावर वंशवृक्षाला जोडलेले कागद उघडत नाहीत, हा इशारा लक्षात ठेवून प्रत्येक पानाचे चित्र उतरवून घेतो आहे. आजीच्या वहीत त्या दोन ओळींखाली आता तिसरी ओळ आहे. पेन्सिलीने लिहिली आहे. पुढच्या वेळी येईन तेव्हा आपण ती एकदा मूळ पानाशी ताडून पाहावी, मग शाईने गिरवीन.

आपला कृतज्ञ,
संदर्भ विभागातला एक वाचक