मा. ऊर्जामंत्र्यांस खुले पत्र : आमच्या डीपीची अर्थिंग शेवटची कधी तपासली?

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. पहिला वळीव गडगडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आत माणसं पायरीवर बसलेली असतात. पोत्यात गुंडाळलेल्या सबमर्सिबल मोटारी, स्टार्टर, गिरणीच्या मोटारी, अलीकडे फ्रिजची कार्डं आणि इन्व्हर्टर. सगळ्यांचं म्हणणं एकच असतं, "काल वीज पडली अन् समदं गेलं." यंदा मे महिन्यात तेच वाक्य माझ्या आईनं मला फोनवर सांगितलं. म्हणून हे पत्र.

वीज आमच्या घरावर पडलीच नव्हती. ओढ्याकाठच्या बाभळीवर पडली. लखलखाट आणि आवाज यांच्यात एक सेकंदही गेला नाही असं आई म्हणाली, म्हणजे अंतर साडेतीनशे मीटरच्या आतलं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यावरून हा हिशेब. आईनं ढग दाटल्याबरोबर टीव्हीचं बटण बंद केलं होतं, पण प्लग भिंतीतच राहिला. बटणाच्या आत पत्र्यापत्र्यांत दोन-तीन मिलिमीटरची फट असते. हजारो व्होल्टचा झटका ती सहज ओलांडतो. शिवाय बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलीच राहते. हे गावात फार थोड्यांना माहीत आहे. बटण बंद केलं म्हणजे वस्तू वाचली, असं समजून माणूस निर्धास्त होतो.

घरात काय गेलं आणि काय राहिलं, ते आपण लक्षपूर्वक वाचावं ही विनंती. वडिलांनी घेतलेला तीस वर्षांपूर्वीचा जाडजूड पंखा शाबूत आहे. माजघरातली तांब्याच्या चोकची ट्यूबलाइट शाबूत आहे. गेले ते सात एलईडी बल्ब, कमी युनिट जळतात म्हणून घेतलेला बीएलडीसी पंखा, फ्रिजचं कार्ड, इन्व्हर्टर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि मुलीच्या अभ्यासाचा वायफायचा डबा. २०१५ साली उजाला योजना आली, तेव्हापासून सरकारनं वीज बचतीचं सांगितलं आणि लोकांनी मनापासून ऐकलं. ते योग्यच होतं. पण जुन्या वस्तूंमध्ये तांब्याची जाड गुंडाळी होती, ती क्षणभराचा झटका सोसायची. नव्या प्रत्येक वस्तूत नाजूक सर्किट आहे. आमच्या घरांतली उपकरणं दहा वर्षांत बदलली, मात्र त्यांच्या रक्षणाची सोय पूर्वी होती तिथेच आहे.

फ्रिजचं कार्ड मी दुकानात नेऊन उघडलं. फ्यूजच्या शेजारी चिंचोक्याएवढी निळी चकती असते. तिला व्हॅरिस्टर म्हणतात, आमच्या धंद्यात एमओव्ही. २३० व्होल्टला ती गप्प बसते. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती स्वतः वाट उघडून तो बाजूला वळवते. आमच्या कार्डावरची चकती मधोमध फुटून दोन तुकडे झाले होते, भोवती हाताच्या तळव्याएवढी काजळी, आणि दोन दिवस गेला नाही असा जळका वास. तिनं तिचं काम केलं होतं. पण एवढ्याशा चकतीच्या अंगावर सगळा भार पडावा, याचा अर्थ तिच्या आधीच्या प्रत्येक पायरीवर कुणीच उभं नव्हतं.

मग मी मागे मागे जात राहिलो. पहिली पायरी माझ्या स्वतःच्या घराची अर्थिंग, म्हणजे जादा वीज जमिनीत उतरवणारी जोडणी. चौदा वर्षांपूर्वी मीठ-कोळसा घालून मी स्वतः पाइप पुरला होता आणि त्यानंतर मोजला नव्हता. ही चूक माझी आहे आणि मी ती मान्य करतो. अर्थ टेस्टर लावला तर ६१ ओहम. पाचच्या आत असायला हवी. कारण डोळ्यांसमोर होतं: आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, माती पाइपाचं अंग सोडते. पाइपाशेजारच्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला. ज्या महिन्यात जमीन सगळ्यांत कोरडी आणि अर्थिंग सगळ्यांत निकामी, नेमक्या त्याच महिन्यात वळवाच्या विजा कोसळतात. पाऊस सुरू झाल्यावर, जुलैमध्ये केलेली तपासणी म्हणूनच उपयोगाची नाही. ओल्या जमिनीत कुठलीही अर्थिंग चांगलीच दिसते.

दुसरी पायरी डीपी, म्हणजे गल्लीला वीज पुरवणारा खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. माझं घर धरून त्या संध्याकाळी गल्लीतल्या अकरा घरांमध्ये उपकरणं जळली, आणि अकराही घरं एकाच डीपीवर आहेत. त्यावरून झटका तारेवरून आला हे कळायला मोठी विद्या लागत नाही. दुसऱ्या दिवशी वायरमनदादा आले, त्यांच्यासोबत मीही डीपीखाली जाऊन पाहिलं. अकरा केव्हीच्या, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूला तीन लाइटनिंग अरेस्टर असतात, विजेचा झटका जमिनीत उतरवणारे. त्यांतल्या एकाची खालची तार सुटून लोंबत होती. तिचं टोक काळंनिळं पडलेलं होतं, म्हणजे ती आदल्या दिवशी तुटलेली नव्हती, जुनी होती. डीपीला तीन वेगळ्या अर्थिंग लागतात: अरेस्टरची, न्यूट्रलची आणि बॉडीची. आमच्या डीपीची एक पट्टी जमिनीपासून वीतभर वर कापलेली होती. कुणीतरी भंगारात विकली असणार. आभाळातल्या विजेचा प्रवाह साधारण तीस हजार अँपिअर असतो, कधी त्याहून कितीतरी जास्त. त्याला डीपीवर जमिनीत उतरायची वाट मिळाली नाही, तर तो सर्व्हिस वायरीनं घरात येतो. दुसरं काय करील?

वायरमनदादांना मी दोष देत नाही. एका माणसाकडे कितीतरी गावं असतात. रात्री-अपरात्री फ्यूज टाकायला, भर पावसात जंपर जोडायला तेच जातात. अर्थिंग मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नाही, ते कधी मिळालंही नाही, असं त्यांनी मला सांगितलं. या पत्रात मी कुठल्या कार्यालयाचं किंवा कर्मचाऱ्याचं नाव घेत नाही, कारण मला कुणाला शिक्षा व्हायला नको आहे. मला पुढचा वळीव नीट जायला हवा आहे.

नुकसानभरपाईसाठी आम्ही अकरा जण वीज कार्यालयात गेलो. तिथे सांगण्यात आलं, "आभाळातली वीज पडली, म्हणजे नैसर्गिक आपत्ती. तहसीलला जा." तलाठ्यांकडे गेलो. त्यांनी आपुलकीनं ऐकलं, पण विचारलं ते असं: "माणूस दगावलंय का? जनावर? घर पडलंय का?" आपत्तीच्या निकषांत मृताच्या वारसाला चार लाख रुपये आहेत, दुभत्या जनावराला ३७,५०० आहेत, घर वाहून गेलं किंवा पडलं तर कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी प्रत्येकी २,५०० आहेत. फ्रिज, टीव्ही, इन्व्हर्टर यांना रकानाच नाही. आपल्या भाषेत आभाळातल्या विजेला आणि तारेतल्या विजेला एकच शब्द आहे, आणि आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी त्या दोन्ही खरोखरच एक झाल्या होत्या. कागदावर मात्र त्या दोन खात्यांच्या असल्यामुळे आमचा अर्ज कुठल्याच टेबलावर थांबला नाही. माझं नुकसान बेचाळीस हजारांच्या पुढे गेलं. मी कारागीर आहे, निम्मं स्वतः दुरुस्त केलं. शेजारच्या काकूंची घरगुती पिठाची गिरणी गेली, तिच्यावर त्यांचं घर चालत होतं.

माणसांच्या जिवापुढे या वस्तू क्षुल्लक आहेत हे मला कळतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसं मरण पावली. पण साहेब, ज्या निकामी अर्थिंगमुळे फ्रिज जळतो, त्याच निकामी अर्थिंगमुळे स्टार्टरच्या पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत न जाता तिथेच राहतो आणि ओल्या पायांनी मोटार सुरू करायला गेलेला माणूस तिथेच चिकटतो. हे दोन प्रश्न एकाच खड्ड्यात पुरलेले आहेत.

आता मागणं. पहिलं आणि सगळ्यांत महत्त्वाचं: दर वर्षी गुढीपाडव्याच्या आत प्रत्येक डीपीची अर्थिंग मोजली जावी, अरेस्टर तपासले जावेत, आणि मोजल्याची तारीख व ओहमचा आकडा डीपीवर तेलरंगानं लिहिला जावा. डीपीवर नंबर आणि केव्हीए रंगवलेले असतातच, त्याखाली आणखी एक ओळ. ज्याला वाचता येतं तो कुणीही गावकरी ती वाचू शकेल. तारीख जुनी दिसली तर ग्रामसभेत विचारू शकेल. माणसं कमी पडत असतील तर कौशल्य विकास खात्याशी बोलून आयटीआयच्या वायरमन आणि इलेक्ट्रिशियन ट्रेडची मुलं सोबत द्यावीत. अर्थ टेस्टर धरायला त्यांना यायलाच हवं, आणि प्रत्यक्ष डीपीखाली शिकलेलं ती विसरणार नाहीत.

दुसरं, घरोघरी सध्या स्मार्ट मीटर बसत आहेत. मीटर बदलणारा माणूस पेटी उघडतोच. त्याच वेळी त्यानं घराची अर्थिंग मोजून ग्राहकाला आकडा लिहून द्यावा आणि मेन स्विचच्या लगेच पुढे सर्ज (तारेवरून येणारा झटका) रोखणारं उपकरण, म्हणजे टाइप-टू एसपीडी बसवावं. एक फेजचं चांगलं उपकरण आमच्याकडे दीड ते तीन हजारांत मिळतं. सरकारनं घाऊक घेतलं तर निश्चित स्वस्त पडेल. एलईडी बल्ब घाऊक खरेदीनं कसे स्वस्त झाले हे आपल्याच क्षेत्रात घडलेलं आहे. हप्त्यानं बिलात लावलं तरी लोक देतील. छतावर सौर पॅनल बसवताना तडितरोधक आणि स्वतंत्र अर्थिंगची अट आहे, शेतातल्या सौर पंपासोबतही तडितरोधक येतो. मग ज्याच्या छतावर पॅनल नाही, त्याच्या घराला हे संरक्षण का नसावं?

हे उपकरण बसवताना हयगय झाली तर पैसे पाण्यात जातात, म्हणून कारागीर या नात्यानं थोडं सांगतो. त्याच्या जोडतारा आखूड हव्यात, सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत. तार लांबली की झटक्याच्या वेळी त्या तारेवरच दाब उभा राहतो आणि तो घरात शिरतो. मागे एमसीबी किंवा फ्यूज हवा. एसपीडीला छोटी खिडकी असते. हिरवी असेल तर ठीक, लाल झाली तर बदलायची. आणि अर्थिंग नसेल तर एसपीडी नुसता पेटीत बसलेला असतो. नळाच्या पाइपाला तार गुंडाळून अर्थिंग झाली असं मानणारी घरं आजही आहेत, आणि नळ कधीच पीव्हीसीचे झाले. दुसरं असं, की डीपीची न्यूट्रल तुटून २३० चे साडेतीनशे-चारशे व्होल्ट झाले तर एसपीडी ते थांबवू शकत नाही, स्वतःच जळतो. त्यासाठी जादा दाबाला पुरवठा तोडणारं वेगळं उपकरण लागतं. ग्रामपंचायतीवर बसवलेली वीज अटकाव यंत्रणा थेट पडणाऱ्या विजेसाठी आहे, तारेवरून येणाऱ्या झटक्यासाठी नाही. लोक ती पाहून आपला टीव्ही सुरक्षित समजतात. एमसीबी आणि स्टॅबिलायझर यांच्याबद्दलही तोच गैरसमज. झटका मायक्रोसेकंदांचा असतो, एमसीबी जागा होईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. हे सगळं एका पानावर, चित्रांसह, मार्चच्या वीजबिलासोबत प्रत्येक घरी गेलं पाहिजे.

त्याच पानावर वीज पडून गेल्यावर काय करायचं तेही यावं. मेन स्विच बंद करायचा. जळका वास, काळा पडलेला बोर्ड, मीटरपेटी पाहायची, पण हात लावायचा नाही. जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून मेगर, म्हणजे इन्शुलेशन मोजायचं यंत्र लावून वायरिंग तपासल्याशिवाय काही चालू करायचं नाही, कारण भिंतीतल्या वायरचं इन्शुलेशन आतून फाटलेलं असू शकतं आणि आग आठवड्यानंतरही लागू शकते. जळलेल्या वस्तू पंचनामा होईपर्यंत फेकायच्या नाहीत, त्यांचे फोटो ठेवायचे. पुण्याच्या आयआयटीएमनं केलेलं दामिनी ॲप २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजांची सूचना देतं. तेवढ्यात प्लग आणि डिशची केबल उपसून ठेवता येते. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र प्लगला हात लावू नये.

आणि तिसरं, भरपाईचं. एकाच डीपीवरच्या अनेक घरांत एकाच वेळी उपकरणं जळली असतील, तर झटका तारेवरून आला असं धरून वायरमन आणि तलाठी यांनी आठ दिवसांत एकत्र पंचनामा करावा. एकच अर्ज, एकच कागद. पुढे पैसे कुणी द्यायचे ते आपण आणि मदत व पुनर्वसन मंत्र्यांनी बसून ठरवावं, आम्हाला दोन दारांमध्ये उभं करू नये.

मी माझी अर्थिंग नव्यानं केली आहे. गल्लीतल्या उरलेल्या दहा घरांची मजुरी न घेता मोजून दिली, सात निकामी निघाल्या, त्यांतल्या पाच दुरुस्त झाल्या. दोघांकडे पैसे नाहीत, दिवाळीनंतर करू. डीपीच्या लोंबत्या तारेचा आणि कापलेल्या पट्टीचा फोटो अर्जाला जोडलेला आहे. तिथे चढायची आम्हाला परवानगी नाही आणि नसावीही. आपल्या खात्याचा माणूस येईल त्या दिवशी माझा अर्थ टेस्टर घेऊन मी खाली उभा राहीन.

आपला नम्र,
एक मोटार रिवायंडिंग कारागीर