प्रकल्पाची वही नको, पानाची नोंद तपासा

संपादक महोदय,

शाळेतले प्रकल्प मुले करत नाहीत, ते पालक आणि कोपऱ्यावरचा सायबरवाला करतो, अशी तक्रार वरचेवर वाचायला मिळते. आता त्यात एआयची भर पडली आहे. तक्रार खरी आहे, पण म्हणून प्रकल्पच बंद करा, हे मला पटत नाही. मी पुण्याच्या सहकारनगर भागातल्या मराठी शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. यंदा नववीला प्रकल्पाची वही घेतलीच नाही. गटातल्या सगळ्यांनी मिळून संगणकावर एकच पान लिहायचे, असे ठरवले.

गूगल डॉक्सवर किंवा विकीवर (विकिपीडियासारख्या, अनेकांनी मिळून लिहायच्या संकेतस्थळावर) एका पानावर अनेकांना लिहिता येते आणि कोणी कधी काय लिहिले, काय खोडले याची नोंद आपोआप राहते. मी गुण देते ते ही नोंद बघून. घरून आणून चिकटवलेला मजकूर तिथे एका दमात आलेला दिसतो. मुलाने स्वतः लिहिलेला मजकूर अडखळत, दुरुस्त होत वाढतो.

धरण फुटून पुण्यात आलेल्या पानशेतच्या पुराचेच बघा. एका मुलाने लिहिले, ‘धरण रात्री फुटले.’ शनिवार पेठेत आजोळ असलेल्या मुलीने ते खोडून ‘सकाळी’ केले. त्याने पुन्हा ‘रात्री’ केले, कारण त्याच्या आजोबांनी तसे सांगितले होते. तिने बाजूला टीप दिली : ‘आजी म्हणते, पाणी आलं तेव्हा लख्ख उजेड होता.’ शेवटी दोघांनी ग्रंथालयातून पुस्तके काढली. धरण फुटले ते १२ जुलै १९६१ रोजी, बुधवारी सकाळी. रात्रभर चालले होते ते जवानांचे वाळूची पोती रचण्याचे काम. आजोबांची रात्र ती होती! दोन्ही गोष्टी पानावर आल्या. मग तिसऱ्याने खाली भर घातली, की त्याच दिवशी खडकवासल्याचे धरणही फुटले. मी तारीख फळ्यावर कितीही वेळा लिहिली असती, तरी इतकी उलटतपासणी झाली नसती.

शुद्धलेखनाचेही तसेच. ‘पाणि’चे ‘पाणी’ मी लाल शाईने केले, तर मुले वही उघडूनही बघत नाहीत. वर्गमित्राने केले की आधी भांडतात आणि मग विसरत नाहीत.

काही मुलांना आमच्या भागातल्या आंबिल ओढ्यावर मराठी विकिपीडियात भर घालायची होती. तिथे सरावासाठी धूळपाटी आहे, ती फार उपयोगी पडली. अडले ते दुसरीकडेच. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री ओढ्याला पूर आला, तेव्हा यांच्यातल्या काहींच्या घरांत पाणी शिरले होते. विकिपीडियाला मात्र छापून आलेला, कोणालाही पडताळता येईल असा संदर्भ लागतो. ‘बाई, पाणी आमच्या घरात आलं आणि आम्ही सांगितलेलं चालत नाही?’ एक मुलगी चिडून म्हणाली. त्या तासाला मी ठरलेला धडा बाजूला ठेवला. साक्ष, आठवण आणि संदर्भ यांवर वर्गात जे बोलणे झाले, ते इतिहासाच्या पुस्तकातल्या ‘साधने’ या शब्दाला भिडणारे होते. मुलांच्या आठवणी आम्ही शाळेच्या पानावर ठेवल्या आणि विकिपीडियासाठी वर्तमानपत्रांची जुनी कात्रणे शोधली.

अडचणी आहेत. आमच्याकडे एका संगणकावर तीन-चार मुले बसतात, आणि पुष्कळांच्या घरी फोन मोकळा होतो तो आईवडील कामावरून परतल्यावर. म्हणून हे काम शाळेच्या वेळेतच व्हायला हवे, गृहपाठ म्हणून नको. उघड्या संकेतस्थळावर मुलांची खरी नावे, पत्ते आणि फोटो मुळीच नसावेत. टोपणनाव पुरते. आठवणींचे पानही आम्ही शाळेपुरतेच ठेवले आहे.

शिक्षण विभागाला माझी विनंती आहे, की अंतर्गत मूल्यमापनात अशा सामाईक पानाची नोंद ग्राह्य धरावी आणि तसे लेखी कळवावे. नाहीतर तपासणीला आलेले साहेब ‘वही कुठे आहे?’ एवढेच विचारतात आणि शिक्षक निमूट पुन्हा रंगीत कागद, कव्हर आणि चिकटवलेल्या चित्रांकडे वळतात. नववीला जलसुरक्षा हा विषय आहेच. प्रत्येक शाळेने आपल्या भागातला ओढा घ्यावा. आंबिल ओढा कात्रजच्या बाजूने येऊन मुठेला मिळतो. वाटेतल्या ज्या शाळांना आमच्या माहितीच्या पानात भर घालायची असेल, त्यांना ते आम्ही आनंदाने खुले करून देऊ.

आपली,
एक शिक्षिका, सहकारनगर, पुणे