रामसेसच्या शवपेटीपाशी भेटलेल्या ताईंस

स.न.वि.वि.

आपले नाव मला ठाऊक नाही. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये नोव्हेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात प्राचीन इजिप्तचा राजा दुसरा रामसेस आणि तिथल्या फॅरोंचे, म्हणजे राजांचे, सोने यांचे जे फिरते प्रदर्शन भरले होते, त्यातल्या शवपेटीच्या दालनात आपण कामावर होता, एवढ्याच खुणेवर हे पत्र लिहीत आहे. संग्रहालयाकडे आभाराच्या चार ओळी मी इंग्रजीत रीतसर पाठवल्या. मात्र ज्यांच्यासाठी आपण ते केलेत, त्या माझ्या वडिलांना वाचून दाखवता येईल असे पत्र मराठीतच लिहायला हवे होते.

बाबांनी उभा जन्म रत्नागिरीकडे सुतारकाम केले. दारे, खिडक्या, देव्हारे, पाळणे, जे म्हणाल ते. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे अडखळू लागले. समज मात्र पहिल्याइतकीच लख्ख आहे. हे शेवटचे वाक्य मला इतक्या ठिकाणी इतक्या लोकांना समजावून सांगावे लागले आहे की आता ते तोंडपाठ झाले आहे. एका नामांकित संग्रहालयात, ज्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तिकीट तपासणाऱ्या गृहस्थांनी बाबांच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहत विचारले होते, "यांना आत नेऊन काय कळणार आहे?" दुसऱ्या एका ठिकाणी व्हीलचेअरसाठी उतार होता, पण उताराच्या तोंडाशी कुलूप होते आणि किल्ली ज्यांच्याकडे ते जेवायला गेले होते. घरचे लोकही मागे नव्हते. सिडनीला निघण्याआधी आमच्या एका आत्याने, "आजारी माणसाला परदेशात नेऊन मढ्याची पेटी कसली दाखवतोस?" असे सुनावले होते. त्यामुळे आपल्या दालनात शिरताना मी भांडणाच्या तयारीनेच शिरलो होतो, हे कबूल करायला हरकत नाही.

त्या प्रदर्शनात १८० हून अधिक वस्तू होत्या. टॅनिस या प्राचीन इजिप्शियन नगरीतल्या राजांचे सोन्याचे मुखवटे होते, सक्कारा या जुन्या दफनभूमीतली, ममी करून कापडात गुंडाळलेली मांजरे होती, आणि सगळीकडे उंचावलेल्या मोबाइलांचे रान होते. सोन्याकडे बाबांनी पाहिले न पाहिल्यासारखे केले. त्यांना ओढ होती ती एकाच वस्तूची, सीडरच्या, म्हणजे देवदाराच्या जातीच्या, लाकडाच्या त्या पेटीची. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे लाकूड आजही कसे टिकून आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. मी गर्दीतून खुर्ची कशीबशी काचेपर्यंत नेली, आणि तिथे पोहोचल्यावर बाबा काहीच बोलेनात. मला वाटले, थकले असतील.

आपण जवळ आलात. मी माझे तोंडपाठ वाक्य सुरू करणार, तोच आपण खुर्चीच्या शेजारी गुडघ्यांवर बसलात, मान थोडी वाकवून आपले डोळे बाबांच्या डोळ्यांच्या उंचीला आणलेत आणि तिथून काचेकडे पाहिलेत. एवढेच. उभ्या माणसाला न दिसणारी गोष्ट आपल्याला तिथून दिसली. त्या उंचीवर छताच्या दिव्याची तिरीप काचेवर अशी पडत होती की राजाच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग दिसावा. आपण उठलात, बाबांना विचारून (मला नव्हे, बाबांना) खुर्ची वीतभर डावीकडे सरकवलीत, जराशी तिरकी केलीत, पुन्हा खाली बसून पाहिलेत, आणि मग त्यांच्याकडे बघून, आता दिसते का, असे हातानेच विचारलेत. बाबांनी मान हलवली. त्यांचे उत्तर यायला वेळ लागतो. त्या वेळात आपण घाई केली नाहीत, माझ्याकडे वळून पाहिले नाहीत.

त्यानंतर त्यांनी जे पाहिले ते मला मागाहून, तुटक शब्दांत, कित्येक दिवस ऐकायला मिळत होते. मला दिसला तो छातीवर हात दुमडून, राजदंड आणि कोरडा धरून पहुडलेला राजा. बाबांना दिसली ती घडण. रंधा त्या लोकांना माहीतच नव्हता. वाकसाने तासायचे आणि दगडाने घासून गुळगुळीत करायचे, फळ्या लाकडाच्या खुंट्यांनी सांधायच्या, हे मी त्यांना आधी वाचून दाखवले होते, आणि त्यांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. रंध्याशिवाय गालाची ती गोलाई कशी आणली असेल, या प्रश्नाने ते अजूनही अस्वस्थ होतात. पेटीवर काळ्या शाईने लिहिलेल्या ओळीही त्यांनी शोधून काढल्या. चोरांच्या भीतीने पुरोहितांनी रामसेसचा देह त्याच्या थडग्यातून हलवला, पुढे आणखी हलवला, आणि त्या हलवाहलवीची नोंद पेटीवरच करून ठेवली. अखेर १८८१ मध्ये इजिप्तमधल्या लक्झरजवळच्या देर अल-बहारीच्या कपारीतल्या गुप्त थडग्यात इतर राजांबरोबर तो सापडला. बाबांचे म्हणणे एवढेच पडले की आपणही फळीवर पेन्सिलीने गिऱ्हाइकाचे नाव टाकतोच की.

आपल्या मागे रांग खोळंबली होती, आणि काही चेहरे त्रासलेले होते. आपण त्यांच्याशी हुज्जत घातली नाहीत, खुर्चीच्या कडेला शांत उभ्या राहिलात आणि लोकही थांबले. सौजन्य हा स्वभावाचा भाग असतो असे आपण समजतो, पण मला वाटते, त्यात बरेचसे कसबही असते: समोरच्याला नेमके काय अडते आहे हे त्याच्या जागेवरून पाहण्याचे कसब. उतार बांधता येतात, पाट्या लावता येतात, नियम छापता येतात, आणि ते सगळे हवेच. पण कुलूप लावलेल्या उताराशी उभे राहून आलेल्या माणसाला त्या छापील नियमांचे फारसे कौतुक उरत नाही.

याच पेटीबद्दल आणखी एक गोष्ट बाबांना फार आवडली, ती इथे लिहितो. रामसेसच्या ममीला बुरशी लागली तेव्हा १९७६ मध्ये तिला उपचारासाठी पॅरिसला नेले होते, आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी गॅमा किरणांनी ती बुरशी मारली. त्या उपकाराची आठवण ठेवून इजिप्तने २०२३ मध्ये ही पेटी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी खास पाठवली, आणि तिथून ती सिडनीला आली. ममी मात्र कैरोतच राहिली. आभार मानायला जवळजवळ अर्धे शतक लागले तरी चालते, यावर बाबा खूश आहेत, पण स्वतः तितके थांबायची त्यांची तयारी नाही.

गावी परतल्यावर त्यांनी फणसाची एक जुनी, चांगली मुरलेली फळी काढून घेतली आहे. उजवा हात चालत नाही, म्हणून मापे ते सांगतात आणि रंधा भाचा मारतो. मनासारखे झाले नाही की त्याला बोलणीही बसतात. आपल्याला पुन्हा कधी कोणासाठी गुडघ्यांवर बसावे लागले तर खाली घ्यायला एक पाट असावा, अशी त्यांची इच्छा आहे. लाकडी वस्तू ऑस्ट्रेलियात आणताना ती जाहीर करावी लागते आणि तपासून घ्यावी लागते. तो सोपस्कार मी पाहीन. संग्रहालयाच्या पत्त्यावर पाट कोणाच्या नावे पाठवायचा, तेवढे कृपया कळवावे.

आपला,
एक आभारी मुलगा